शेवटच्या शेताला आधी पाणी : वेळेचे नियोजन, सातत्य आणि आपण



जून महिना लागला की घराघरांत एक काम हमखास होतं. कार्डशीट आणली जाते, पट्टीने रकाने आखले जातात आणि रंगीत स्केचपेनने वेळापत्रक तयार होतं. पहाटे साडेपाचला उठणे, सहा ते सात पाठांतर, संध्याकाळी पाच ते सहा खेळ, सहा ते आठ अभ्यास. तो कागद कपाटाच्या दारावर चिकटतो. पहिला आठवडा उत्साहात जातो. गणपती येईपर्यंत त्या कागदाकडे कोणी बघतही नाही. मग आई म्हणते, "बाई, याच्यात सातत्यच नाही हो." वडील म्हणतात, "मोबाइलने वाट लावली." आणि आपण शिक्षक काय करतो? 'वेळेचे महत्त्व' हा निबंध फळ्यावर लिहून देतो. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात, दहापैकी आठ गुणही मिळवतात. वेळ मात्र जसा जायचा तसाच जातो.

माझं मत थोडं वेगळं आहे. वेळापत्रक मोडतं ते मूल आळशी असतं म्हणून नाही. ते मोडतं, कारण जे काम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं, त्याला आपण दिवसाच्या शेवटी टाकतो. बाकी सगळ्यांचं झाल्यावर जो वेळ उरेल तो त्याला. आणि वेळ कधीच उरत नाही. ही गोष्ट मला कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकापेक्षा आमच्या ओझरच्या शेतकऱ्यांच्या एका कामातून जास्त नीट समजते. म्हणून आज आधी पाण्याची गोष्ट सांगते, मग शाळेकडे आणि घराकडे वळू.

ओझरची दुसरी ओळख

ओझर म्हटलं की लोकांना विमानाचा कारखाना आठवतो. १९६४ मध्ये इथे एचएएल आली, मिग विमानं इथे तयार झाली. त्यानंतर आठवतात द्राक्षबागा. पण निफाड तालुक्यातल्या या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती आपल्या मुलांना फारशी माहीत नसते. ती म्हणजे पाणी वापर संस्था.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याचं पाणी ओझरपर्यंत यावं अशी योजना होती. ओझर मात्र पडलं कालव्याच्या शेवटाला. शेतकऱ्यांच्या भाषेत 'टेल'ला. आता कालव्याचं एक गणित असतं. धरणातून पाणी सुटलं की आधी वरच्या शेतांना मिळतं. वरच्याच्या हातात पाणी असलं की तो म्हणतो, अजून थोडं घेऊ. त्यात वाटेत गळती, पाझर, फुटलेल्या चाऱ्या. अशाने पाणी शेवटाला पोचायच्या आधीच संपतं. धरण झालं, कालवा झाला, कागदावर ओझरची शेतं भिजणारी ठरली, तरी टेलच्या शेतकऱ्याला कित्येक वर्षं हक्काचं पाणी मिळत नव्हतं.

१९९० च्या सुमारास इथल्या समाज परिवर्तन केंद्राने हे काम हातात घेतलं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवलं. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. लक्षात घ्या, सुरुवात टेलकडून झाली. ज्यांना मिळत नव्हतं तेच आधी उठले. पुढे कालव्याच्या वरच्या गावांतही संस्था झाल्या आणि २००३ च्या सुमारास सगळ्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. २००५ मध्ये तर महाराष्ट्रात सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी करण्याचा कायदाच झाला.

आता मला सांगा, या लोकांनी नवीन धरण बांधलं का? आभाळातून जास्त पाऊस पाडला का? नाही. धरण तेच, कालवा तोच. बदलली ती फक्त वाटणी. आणि ती वाटणी त्यांनी एकदा करून सोडून दिली नाही. दर आवर्तनाला केली, वर्षानुवर्षं केली.

वेळेचं नियोजन म्हणजे नेमकं हेच. दिवस चोवीस तासांचाच राहणार आहे. वाढवता येणार नाही. वाटणी मात्र बदलता येते.

शेतकऱ्यांनी नेमकं काय केलं?

नुसतं "एकीचे बळ" असं म्हणून पुढे गेलो तर काही शिकलो नाही. त्यांच्या कामातल्या चार गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, मोजमाप. संस्थेला पाणी घनमापाने, म्हणजे मोजून मिळू लागलं. आपल्या वाट्याला किती आलं हे कळलं की ते जपून वापरलं जातं. अंदाजाने चाललेल्या गोष्टीत नेहमी बोलक्या माणसाचा फायदा होतो आणि गप्प बसणाऱ्याचा तोटा.

दुसरी गोष्ट, पाळी. कोणाची पाळी कधी, किती वेळ, हे आधी ठरलेलं. रात्री दोनला पाळी आली तर रात्री दोनला बांधावर जायचं. "आज मूड नाही" हे पाण्याला सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कालव्याच्या पाळीचा एक जुना शहाणा नियम आहे, पाणी टेलकडून मुखाकडे द्यायचं. शेवटच्या शेताचं भरणं आधी, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. कारण वरच्याला पाणी मिळणारच आहे. कालवा त्याच्या दारातूनच जातो. जो राहून जाऊ शकतो त्याचं आधी करा, म्हणजे कोणीच राहणार नाही.

चौथी गोष्ट, साठा. पावसाळ्यातलं जादा पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत अडवलं, ते जमिनीत मुरलं, विहिरींना पाणी वाढलं. म्हणजे अडचणीच्या दिवसांची सोय चांगल्या दिवसांतच झाली.

आपल्या नाशिक जिल्ह्याला हे अगदीच नवीन नाही. बागलाणात मोसम नदीच्या काठी शेकडो वर्षांची फड पद्धत होती. गावाने नेमलेला पाटकरी पाळीप्रमाणे पाणी द्यायचा. घड्याळ नव्हतं, मोबाइल नव्हता, पण पाळी होती आणि ती पाळली जायची. आपल्या भाषेने तर 'पाळी' आणि 'पाळणे' हे शब्दही जवळजवळ ठेवलेत, नाही का?

आपल्या दिवसाचा टेल कोणता?

आता हा कालवा आपल्या दिवसाला लावून बघा. दिवसाच्या मुखाशी कोण बसलंय? मोबाइल. सकाळी डोळे उघडले की पहिलं पाणी तोच घेतो. ग्रुपवरचे शुभ सकाळचे फुलांचे फोटो, मग रील्स. त्यानंतर नंबर लागतो रोजच्या धावपळीचा. संध्याकाळी मालिका आणि क्रिकेट. हे सगळे वरचे शेतकरी. ते काही चोर नाहीत. पण त्यांच्या हाताला पाणी लागतंय म्हणून ते घेत राहतात.

आणि टेलला कोण असतं? मुलाचं मोठ्याने वाचन. गणितातला न समजलेला हातचा. आजीला विचारायचा राहिलेला प्रश्न. आपलं स्वतःचं वाचन. डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धा तास चालणं. ही सगळी कामं अशी आहेत की आज नाही केली तर आज काहीच बिघडत नाही. कोणी ओरडत नाही, नोटीस येत नाही. म्हणूनच ती रोज मागे पडतात आणि पाच वर्षांनी एकदम दिसतात. टेलचं शेत एका दिवसात वाळत नाही हो. हळूहळू वाळतं, म्हणून लक्षात येत नाही.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा, की वेळापत्रक करायला बसलात तर पहाटे साडेपाचपासून सुरुवात करू नका. आधी विचारा, "गेल्या महिन्यात काय सतत राहून गेलं?" जे उत्तर येईल त्याला पहिली पाळी द्या. बाकीचा दिवस आपोआप भरतो. तो भरण्यासाठी कोणालाही कार्डशीट लागत नाही.

वर्गातला शेवटचा बाक

आता शाळेकडे येऊ, कारण आपल्या हातात दुसऱ्यांच्या मुलांचा वेळ आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो, की पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालं पाहिजे. साधा भागाकार करा. दिवसाचे होतात चार तास, म्हणजे २४० मिनिटं. याच कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. २४० ला ३० ने भागा. एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची रोजची आठ मिनिटं येतात.

आठ मिनिटं! अर्थात, आपण वर्गाला एकत्र शिकवतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. पण हा आकडा मनात ठेवण्यासारखा आहे. कारण या आठ मिनिटांतूनही पाझर असतो. हजेरी, शालेय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती "आजच्या आज" पाठवा म्हणून आलेला मेसेज. आणि जे उरतं ते कोणाकडे जातं? पहिल्या बाकाकडे. जो हात वर करतो त्याच्याकडे. ज्याचं उत्तर बरोबर येतं त्याच्याकडे. ते स्वाभाविक आहे, कारण त्याला शिकवताना आपल्यालाही बरं वाटतं.

शेवटच्या बाकावर तिसरीतला एखादा मुलगा असतो. त्याला जोडाक्षर वाचता येत नाही. तो त्रास देत नाही. फळ्यावरचं बघून वहीत छान उतरवतो, म्हणून वही तपासताना तो सापडतही नाही. त्याची आठ मिनिटं रोज वरच्या वर संपतात. चौथीत त्याला परिसर अभ्यासाचं पुस्तक वाचता येत नाही, सहावीत गणिताचं उदाहरण वाचता येत नाही. मग आपण म्हणतो, "त्याला गणितात गती नाही." गतीचा प्रश्न नव्हता. पाणी पोचलं नव्हतं.

म्हणून मी मानते, की प्राथमिक शाळेत दिवसाची पहिली वीस मिनिटं, परिपाठ झाल्याबरोबर, वाचनात मागे असलेल्या चार-पाच मुलांची असावीत. दुपारी नव्हे, जादा तासाला नव्हे, "वेळ मिळाला तर" नव्हे. शिक्षक ताजा असताना, मुलं ताजी असताना. बाकीची मुलं त्या वेळात जोडीने वाचतील, एकमेकांना शब्द घालतील, चित्रावरून पाच वाक्यं लिहितील. वीस मिनिटं पाच मुलांना दिली तर प्रत्येकी चार मिनिटं वाढली. दोनशे दिवसांत ४००० मिनिटं, म्हणजे सहासष्ट तासांहून जास्त वेळ त्या लहान गटाला मिळतो. निपुण भारतचं ध्येय हेच तर आहे, की तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं. 'प्रत्येक' या शब्दात शेवटचा बाक येतो.

काही पालक लगेच विचारतात, "मग आमच्या हुशार मुलाचं नुकसान नाही का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर कालव्यातच आहे. पाणी टेलपर्यंत जाताना वरच्या शेताच्या कडेनेच जातं. वर्गात सगळ्यांना वाचता येऊ लागलं की शिक्षकाला तोच धडा तीनदा समजवावा लागत नाही, पुढचं शिकवायला वेळ मोकळा होतो आणि त्याचा फायदा हुशार मुलालाही मिळतो. शिवाय जोडीदाराला शब्द वाचून दाखवणाऱ्या मुलाचा स्वतःचा पाया पक्का होतो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं आहे.

धरणातच पाणी नसेल तर?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हा लेखही "शिक्षकांनो, अजून थोडं जास्त करा" अशा उपदेशांपैकी एक ठरेल.

वाघाडच्या शेतकऱ्यांनी नुसतं काटकसरीने पाणी वापरलं नाही. आपला कोटा किती हे त्यांनी विचारलं, तो लेखी करारात आणला आणि मोजून घेतला. धरणातून पाणीच सुटलं नाही तर टेलच्या माणसाने कितीही चिकाटी दाखवली तरी त्याचा उपयोग काय? आपलंही तसंच आहे. शिक्षकाने आठवड्याला ४५ तास काम करावं आणि त्यात पाठाची तयारीही धरलेली आहे, असं हाच शिक्षण हक्क कायदा सांगतो. तयारीचा वेळ हा कामाचा वेळ आहे. सर्वेक्षणं, याद्या, वेगवेगळ्या ॲपवरच्या नोंदी यात तो वेळ गेला तर ते मुलांच्या कालव्याला पडलेलं भगदाड आहे. ते बुजवा अशी मागणी करणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

पण मागणी करायची तर हातात हिशेब हवा. एक महिना फक्त नोंद ठेवा, अध्यापनाशिवाय कोणत्या कामाला किती मिनिटं गेली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत "फार कामं आहेत हो" म्हणण्यापेक्षा "या महिन्यात अमुक इतके तास असे गेले" हे वाक्य जास्त ऐकलं जातं. शेतकऱ्यांनीही तेच केलं होतं. तक्रारीच्या जागी त्यांनी मोजमाप आणलं.

घरातला टेल

पालकहो, आता थोडं तुमच्याशी.

आपल्याकडे प्रत्येक घराचं घड्याळ वेगळं आहे. कोणाचे वडील शिफ्टला जातात. कोणाचे आईवडील दोघंही द्राक्षबागेत. ऑक्टोबर छाटणीपासून ते काढणी संपेपर्यंत त्यांना घरी यायला अंधार पडतो. अशा घराला "संध्याकाळी सहा ते आठ अभ्यास घ्या" असं सांगणं म्हणजे चेष्टाच. म्हणून घड्याळाचा काटा धरू नका, घरात रोज होणारं एखादं काम धरा. चुलीवर किंवा गॅसवर भात चढला की तो होईपर्यंत मूल मोठ्याने वाचेल. बाबा कामावरून आले की आधी एक पान ऐकतील, मग चहा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी हरकत नाही. ऐकायला बसा. मूल अडखळलं की तुम्हाला कळतंच. आणि बाबा ऐकतायत म्हटल्यावर मुलाच्या आवाजात जो फरक पडतो तो कोणत्याही शिकवणीला पैसे भरून मिळत नाही.

आता एक नाजूक विषय. घरात टेलला कोण बसलंय हे एकदा प्रामाणिकपणे बघा. बऱ्याच घरांत ती मुलगी असते. शाळेतून आली की दादा अभ्यासाला किंवा खेळायला, आणि ताई आधी पाणी भरणार, धाकट्याला सांभाळणार, भांडी घासणार आणि मग "वेळ उरला तर" अभ्यास करणार. पुन्हा तीच वर्गात गृहपाठ अपुरा म्हणून उभी राहते. तिच्यात चिकाटी कमी आहे असं कोण म्हणेल? घरात सगळ्यात जास्त चिकाटी तिचीच आहे. तिला पाळी मिळालेली नाही, एवढंच. कामं सगळ्यांत वाटा. दादालाही भांडी घासता येतात, त्याने त्याचं काही कमी होत नाही. आणि तिच्या अभ्यासाला पहिली पाळी द्या.

त्याच घरात आणखी एक टेल आहे, ती म्हणजे आई. तिचं चालणं, तिचं औषध, तिचं दोन पानं वाचणं सगळ्यांच्या शेवटी. मुलांनी सातत्य शिकावं असं वाटत असेल तर आईने स्वतःसाठी रोज पंधरा मिनिटं घेतलेली मुलांना दिसू द्या. मुलं सांगितलेलं कमी ऐकतात, बघितलेलं उचलतात.

पाळी चुकली तर?

सातत्य या शब्दाने आपण मुलांना फार घाबरवून ठेवलंय. "एक दिवस जरी चुकला तरी..." असं आपण म्हणतो. मग एक दिवस चुकतोच. पाहुणे येतात, ताप येतो, लग्न असतं, लाइट जाते. आणि मूल म्हणतं, गेलं सगळं, आता सोडूनच देऊ.

शेतकरी काय करतो? पाळी चुकली म्हणून तो शेत विकत नाही. पुढच्या पाळीची तयारी करतो, चारी साफ ठेवतो. सातत्य म्हणजे कधीच न चुकणं नव्हे. चुकल्यावर पुढच्या पाळीला हजर असणं, हे सातत्य. हिशेबच करा. रोज दहा मिनिटं, वर्षात फक्त दोनशे दिवस, म्हणजे दीडशेहून जास्त दिवस चुकलेले धरून. तरी २००० मिनिटं होतात, तेहतीस तासांपेक्षा जास्त. तेहतीस तास मोठ्याने वाचलेलं मूल आणि न वाचलेलं मूल यांत फरक पडणार नाही का? थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण शिकवतो. त्या थेंबांचा हिशेब मुलांकडून करून घेतला तर तिच्यावरचा विश्वास वाढतो.

आणि "आता उशीर झाला" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम केलेला हा मुलगा. मग सैन्यात भरती झाला आणि नौकानयनाची वल्ही त्याच्या हातात आली ती २०१२ मध्ये. म्हणजे इतर देशांतली मुलं लहानपणापासून जे शिकतात ते त्याने विशी ओलांडल्यावर सुरू केलं. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत उतरला आणि तेरावा आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्याने सुवर्णपदक मिळवलं. आपण मुलांना त्याचं पदक सांगतो, ते ठीकच आहे. पण सैन्यात सरावाची वेळ ठरलेली असते, ती उरलेल्या वेळेतली नसते, हेही सांगायला हवं. जिद्द त्याची होतीच. जिद्दीला रोजची पाळी मिळाली तेव्हा तिचं पीक आलं.

शिक्षकाची स्वतःची पाळी

डी.एड. झालं, नोकरी लागली, आता शिकणं संपलं, असं आपल्यापैकी कोणालाच परवडणारं नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांच्या टीईटीबाबत निकाल दिला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे त्यांनी ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी, असं त्यात सांगितलं. या निकालावर मतं अनेक आहेत. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणं अनेकांना बोचलं, आणि ते बोचणं मी समजू शकते. पण त्या निमित्ताने किती तरी सहकारी पन्नाशीच्या आसपास पुन्हा पुस्तक घेऊन बसलेत. त्यांच्या घरातली मुलं आपल्या आईला किंवा बाबांना गणिताचं उदाहरण सोडवताना बघतायत. 'वेळेचे महत्त्व' या विषयावर याहून चांगला पाठ कोणता?

अशा सहकाऱ्यांना एवढंच सांगेन, की अभ्यास रात्री जेवणानंतर ठेवू नका. दिवसभराचे वरचे शेतकरी तोपर्यंत सगळं पाणी घेऊन गेलेले असतात. सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधीची पंचवीस मिनिटं घ्या. कमी आहेत, पण तुमची आहेत.

करून बघण्यासारखं

१. कुटुंबाने रविवारी दहा मिनिटं बसून ठरवा, गेल्या आठवड्यात काय राहून गेलं. एकच गोष्ट निवडा. दहा निवडल्या तर पुन्हा कार्डशीटच होईल.

२. त्या गोष्टीला दिवसातली पहिली मोकळी वेळ द्या आणि घरातल्या रोजच्या एखाद्या कामाला जोडून टाका.

३. कॅलेंडरवर झालेल्या दिवशी फक्त एक टिंब काढा. चुकलेल्या दिवशी लाल फुली नको. फुल्या वाढल्या की मूल कॅलेंडरकडे बघणंच सोडतं.

४. सलग दोन पाळ्या चुकल्या तर रागावू नका, कारण शोधा. वेळ चुकीची असेल, काम जास्त असेल किंवा मुलाला ते जमतच नसेल.

५. सुट्टीत थोडा साठा करा. दिवाळीत गोष्टींची दोन पुस्तकं जास्त वाचून झाली तर परीक्षेच्या धावपळीत चार दिवस सुटले तरी चालतं. बंधारा त्यासाठीच असतो.

६. शिक्षकांनी वर्गाच्या हजेरीपटाजवळ एक छोटी यादी ठेवावी, आज कोणाशी एकदाही बोलणं झालं नाही. उद्याची पहिली मिनिटं त्या मुलांची.

शेवटी एवढंच म्हणेन. स्वतःला सुधारणं, वेळ वापरणं, चिकाटी ठेवणं हे सगळं आपण मुलांच्या स्वभावावर सोडून देतो. स्वभाव बदलायला वेळ लागतो, पण वाटणी उद्या सकाळपासून बदलता येते. एकदा मुलांना घेऊन ओझरच्या चाऱ्यांच्या काठाने फिरा. आवर्तन चालू असेल तर शेतात उभ्या असलेल्या एखाद्या काकांना त्यांच्या पाळीबद्दल विचारायला लावा. ते सांगतील ते मुलांनी घरी येऊन पाच वाक्यांत लिहावं. फळ्यावरून उतरवलेल्या निबंधापेक्षा ती पाच वाक्यं त्यांची स्वतःची असतील.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात टेलला काय राहिलंय आणि त्याला पहिली पाळी दिल्यावर काय फरक पडला, ते जरूर कळवा. मी वाट बघतेय.